प्रत्यक्ष पाहणी

जयराम तांडेलाच्या खालच्या दाढेला मी नुकतंच भुलीचं इंजेक्शन दिलं होतं. जबडा बधिर व्हायला दहाएक मिनिटं लागतात. तेवढ्यात दुसरा कुणी डॉक्टर हात धुतो, रोग्याशी दोन शब्द बोलतो. मी स्टूल फिरवून संगणकाकडे वळलो, कारण सकाळपासून माझा जीव पडद्यावरच्या एका हिरव्या ठिपक्यात अडकला होता. दर दोन मिनिटांनी मी पान ताजं करायचो आणि ठिपका नखभर पुढे सरकायचा.

"ता काय बगताव सारखं?" जयरामने खुर्चीत आडव्या आडव्या विचारलं.

मी त्याला सांगितलं, आणि सांगताना माझी छाती चांगली फुगली होती हे कबूल करतो. तो ठिपका म्हणजे 'चांदणी' नावाची बावीस फुटी शिडाची बोट. तिच्यावर ठाण्याचे मनोहर टिपणीस, वय सदुसष्ट, वीज मंडळातून निवृत्त. शीड हातात धरलं तेच मुळी अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि आता मुंबईहून आमच्या केळंब्याच्या खाडीपर्यंत एकटे येत होते. तीन दिवसांची सफर, रोज एका बंदरात मुक्काम. त्या दिवशी पहाटेच ते हर्णैहून निघाले होते. मला ते फोनवर ओळखत, मेलवर ओळखत. समोरासमोर आम्ही भेटलो नव्हतो.

सफरीमागे एक पैज होती. त्यांचा मुलगा पुष्कर गेलं वर्षभर बोट विका म्हणून मागे लागला होता. टिपणीसकाकांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा डोळाही धूसर होत चाललेला. शेवटी बापलेकांत ठरलं की ही सफर एकट्याने नीट पार पडली तर पुष्कर बोटीचा विषय पुन्हा काढणार नाही, आणि काही वेडंवाकडं झालं तर काका मुकाट्याने बोट विकतील. पुष्कर गाडी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने मागे येतच होता. बापाने जिंकावं असं त्याला वाटत होतं की हरावं, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

"आनि रस्ता कोन दाखवतंय त्यांना?" जयराम म्हणाला.

"मी," मी म्हणालो.

म्हणजे माझी वेबसाइट. नाव 'वारा-पाणी'. हौसेने शिडाची बोट चालवणाऱ्यांना लागेल ते सगळं मी सहा वर्षं खपून तिथे एका जागी आणलं होतं. वाऱ्याचा अंदाज कुठल्या साइटवर बघावा आणि कुठल्या साइटवर मुळीच विश्वास ठेवू नये, भरती-ओहोटीच्या वेळा कुठे मिळतात, ढगांचे उपग्रहातले फोटो, बोटींचा ठावठिकाणा दाखवणारे नकाशे. हे सगळं इतरांचं, मी फक्त लिंका दिल्या होत्या. पण त्याखाली माझं स्वतःचं होतं. दिघीपासून विजयदुर्गापर्यंत प्रत्येक खाडीची टिपणं: नांगर कुठे धरतो, गोडं पाणी कुठे मिळतं, आणि मुख्य म्हणजे खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या पट्ट्यातून आत यायची वाट. जीपीएसच्या आकड्यांसकट. असं पान आपल्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणी केलेलं नाही, हे मी लोकांना विचारलं नसतानाही सांगत असे.

"मंग आमच्या खाडीत कंच्या वाटेनं आनताव त्यांना?"

"कंच्या म्हणजे? नेहमीच्या. दक्षिणेकडून, सुरूच्या बनाच्या अंगाने."

जयराम ताडकन उठून बसला. गळ्यातला कागदी रुमाल त्याने ओढून काढला. ओठ अर्धे बधिर झाले होते, लाळ गळत होती, तरी तो काय म्हणाला ते मला स्वच्छ कळलं.

"डाक्टर, ती वाट गनपतीतच बुजली. औंदाचा पूर आला ना, सगली रेती तितंच येऊन बसलीय. आता गुडघाभर पानी नाय तितं. वाट गेली वर उत्तरेला, खडपाच्या अंगाला."

'चांदणी'च्या बुडाखाली तोल धरणारं लोखंडी पातं आहे, तिला निदान चार फूट पाणी लागतं. पडद्यावर ठिपका खाडीच्या तोंडापासून दोन मैलांवर होता. साडेबारा वाजले होते, भरती बाराला पूर्ण होऊन पाणी उतरायला लागलं होतं. उतरत्या पाण्यात बोट वाळूवर बसली तर ती उठत नाही, आणखी आणखी बसतच जाते.

मी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. सुकाणू हातात असताना काका फोन पिशवीत बंद करून ठेवतात, हे मला माहीत होतं. ती सूचनाही माझ्याच पानावर होती. तिसऱ्यांदा लावला तोवर जयराम दारात चपला शोधत होता.

आम्ही माझ्या स्कूटरवरून धक्क्यावर गेलो. बाहेर बसलेल्या दोन रोग्यांना मी काय सांगितलं आठवत नाही. धक्क्यावर जयरामची लहान होडी होती, तिचं इंजिन तीनदा दोरी ओढूनही धरेना. मी चौथ्यांदा ओढायला हात घातला तर त्याने माझा हात बाजूला केला. त्याला घाई नव्हती असं नाही, पण माझी घाई त्याच्या कामाची नव्हती. इंजिन धरलं. धक्क्यापासून खाडीच्या तोंडापर्यंत पाव तास लागतो, आणि तो पाव तास मी होडीत एका जागी बसू शकलो नाही. फोन लावत होतो, मोबाइलवर ठिपका बघत होतो, उठून उभा राहत होतो. शेवटी जयराम म्हणाला, "बसा खाली. तुमी हललाव म्हनून ता पानी खोल नाय व्हनार."

मी बसलो. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "यंदा मापनीला तुमी आला नव्हताव. मी निरोप धाडलावता."

आमच्या केळंब्यात दसरा झाला की मासेमारी करणाऱ्या खारव्यांची चार-पाच माणसं होडीतून खाडीच्या तोंडावर जातात आणि लांब बांबू पाण्यात बुडवून वाट मापतात. वाट जागची हलली नसेल तर नुसते परत येतात. हलली असेल तर नव्या वाटेवर काठ्या रोवतात, काठ्यांना फडकी बांधतात. सहा वर्षं मी न चुकता त्या होडीत बसत होतो, मोबाइलवर आकडे टिपून घेत होतो. बहुतेक वर्षी वाट तिथेच असायची.

"राहून गेलं," मी म्हणालो.

जयरामने इंजिनाचा वेग वाढवला. त्याचा हात गालावर होता.

सुरूचं बन मागे पडलं आणि मला शीड दिसलं. पांढरं, पूर्ण उघडलेलं, सुंदर. काका अगदी बरोबर येत होते. म्हणजे माझ्या पानावर लिहिल्याप्रमाणे बरोबर. मी उभा राहून शर्ट काढला आणि दोन्ही हातांनी फिरवायला लागलो. त्यांनी मला पाहिलं. हात वर करून तेही हलवायला लागले, आनंदाने. त्यांना वाटलं डॉक्टर स्वागताला आले.

मग शीड थरथरलं. बोट एकदम थांबली आणि डावीकडे कलली. उघड्या समुद्रातून येणाऱ्या लाटा तिला मागून उचलून आपटायला लागल्या. प्रत्येक आपटीला लाकूड मोडल्यासारखा आवाज यायचा आणि मी प्रत्येक वेळी डोळे मिटायचो. शिडाचा आडवा दांडा गर्रकन फिरला. तो त्यांच्या तोंडावर बसला हे मी पाहिलं. मग मला ते दिसेनासे झाले.

त्यांना होडीत घेतलं जयरामनेच. लाट मागे गेली की होडी पुढे घालायचा, आली की थोपवायचा, असं करत तो बोटीच्या कडेला लागला आणि काकांच्या लाइफ जॅकेटचा पट्टा धरून त्यांना सरळ ओढून आत घेतलं. मी त्यांचे पाय धरले, एवढंच माझं काम. बोटीचं सुकाणू तुटून लोंबत होतं. काकांच्या तोंडातून रक्त येत होतं, वरचा ओठ फाटला होता, पुढचा एक दात अर्धा गेला होता. ते मागे वळून बोटीकडे बघत राहिले. धक्क्यावर येईपर्यंत त्यांनी दुसरीकडे बघितलं नाही.

मग काय, जी खुर्ची जयरामने सोडली होती तीत टिपणीसकाका बसले. मी ओठाला चार टाके घातले, तुटलेला दात घासून वर तात्पुरतं आवरण बसवलं. माझे हात कामात स्थिर असतात, त्याही दिवशी होते. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासाइतकं बरं मला त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याच वेळी वाटलं नाही. रोग्याच्या तोंडात हात असला की त्याला बोलता येत नाही.

पुष्कर चारच्या सुमाराला आला. मी मनात त्याचं एक चित्र रंगवलं होतं, बापावर डाफरणारा, मी म्हटलंच होतं म्हणणारा. तसं काहीच झालं नाही. त्याने पिशवीतून कोरडे कपडे काढले, खाली बसून बापाच्या पायात मोजे चढवले, आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून तसाच बसून राहिला. त्याचेच डोळे भरून आले होते.

"तू म्हणत होतास ते खरं होतं," काका म्हणाले. टाक्यांमुळे शब्द अडखळत होते. "मला दिसत नाही नीट. संपलं आता."

"बाबा, आत्ता नको ते."

"आत्ताच. शब्द दिलाय मी." मग ते माझ्याकडे वळले. "डॉक्टर, तुमच्या पानाचा यात काही दोष नाही हो. ते मी तीनदा वाचलं. खाली स्वच्छ लिहिलंय, प्रत्यक्ष पाहणी एकवीस ऑक्टोबर. म्हणून तर मी आत घुसलो, नाहीतर बाहेरच नांगर टाकून तुम्हाला फोन केला असता. उत्तरेला काठ्या दिसल्या मला. म्हटलं जाळ्यांच्या असतील. तुमचा आकडा सोडून काठ्यांच्या मागे कशाला जा. पण यंत्रावर तो आकडा भरताना मीच घोटाळा केला असणार. तीनाचा आठ केला असेल. आठवडाभर भरत होतो, तीनदा तपासला, आणि तरी."

ते रडत नव्हते. नुसते हाताची बोटं डोळ्यांसमोर धरून बघत होते, किती दिसतात ते.

पुष्कर उठला. बोटीचं आज ना उद्या काहीतरी करावं लागेल, आहे तशी उचलून नेणारा मांडव्याचा एकजण माहितीचा आहे, त्याला विचारतो असं म्हणून तो फोन घेऊन व्हरांड्यात गेला.

खोलीत आम्ही तिघं उरलो. जयराम कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. भूल केव्हाच उतरली होती, दाढ ठणकत असणार, पण तो गेला नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. एकवीस ऑक्टोबरला मापणी झाली होती. त्या दिवशी मी होडीत नव्हतो, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, मला आणि त्याला.

एकवीस ऑक्टोबरला मी पुण्यात होतो. धरणाच्या पाण्यात शिडाच्या बोटी फिरवणाऱ्या हौशी मंडळींनी 'वारा-पाणी'साठी माझा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, माझं पाऊण तास भाषण. भाषणानंतर एका बाईंनी विचारलं की या मोसमाची माहिती ताजी आहे का. मी म्हणालो, अर्थात. रात्री लॉजवर शाल उशाशी ठेवून मी लॅपटॉप उघडला आणि केळंब्याच्या टिपणाखालची जुनी तारीख खोडून त्या दिवशीची घातली. बाकी अक्षर बदललं नाही. वाट सहा वर्षांत कधी फारशी हलली नव्हती, परत गेलो की बघून येऊ, असं मनाशी म्हटलं. परत आल्यावर ते बघायचं राहूनच गेलं.

आता मूग गिळून बसणं इतकं सोपं होतं की मला त्याचीच भीती वाटली. काही करायचंच नव्हतं. रात्री पान दुरुस्त केलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. जयराम बोलला नसता. तो दुसऱ्याच्या अब्रूत पडणारा माणूस नाही. काकांचं वय झालंच होतं, डोळा अधू होताच, मुलगा प्रेमळ होता, बोट आज नाही तर दोन वर्षांनी विकलीच गेली असती. मनात माझी एवढी सगळी बाजू मांडून झाली, आणि तरी हातातला चिमटा खाली ठेवता येईना. बाहेरून पुष्करचा आवाज येत होता. तो मांडव्याच्या माणसाला बोटीची लांबी सांगत होता.

"काका," मी म्हणालो, "आकडा तुम्ही बरोबर भरला होतात."

त्यांनी बोटं खाली घेतली.

"वाट हलली आहे. पावसाळ्यातच. मी बघायला गेलोच नव्हतो. कामाच्या गडबडीत मी नुसती तारीख बदलली."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग त्यांनी अगदी हळू, वर्गातला मुलगा विचारतो तसं विचारलं, "म्हणजे मी जिथे असायला हवं होतं, तिथेच होतो?"

"हो. तिथेच. एक हातभरही इकडेतिकडे नाही."

"उतरतं पाणी, मागून लाटा, एकटा. आणि तरी तिथेच?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले. मी वाट बघत होतो. शिव्या आल्या असत्या तर मी त्या पुढे होऊन घेतल्या असत्या. मनातून मला त्या हव्याच होत्या, म्हणजे हिशेब तिथेच मिटला असता. त्यांनी डोळे उघडले, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठून बसले आणि हाक मारली.

"पुष्कर. फोन ठेव. आत ये."

पुष्कर आत आला. फोन कानाला तसाच होता.

"ठेव म्हणतो ना." त्याने ठेवला. काका माझ्याकडे वळले. "आता सांगा परत. याच्यासमोर. पहिल्यापासून."

एकदा सांगणं वेगळं. ते माझ्या तोंडून निसटून गेलं होतं, आणि थोडं का होईना मला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं. दुसऱ्यांदा सांगताना तेवढाही आधार नव्हता. मी वाळूपासून सुरुवात केली, पुरापासून, दवाखान्यातल्या गर्दीपासून. 'गडबडीत' हा शब्द पुन्हा आला तेव्हा कोपऱ्यातून जयराम शांतपणे म्हणाला, "डाक्टर, त्या दिशी तुमी पुन्याला व्हताव."

"पुण्याला कशाला?" काकांनी विचारलं.

मग मी पुण्याचंही सांगितलं. सत्कार, बाईंचा प्रश्न, लॉज, शाल, सगळं. माझ्या कानशिलांवरून घाम गळत होता. डिसेंबर होता.

पुष्करने एकच विचारलं. "त्यांनी वाचताना, चालवताना, काहीच चूक केली नाही?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "माझ्या ओळखीतला कुणीही असता तरी तिथेच रुतला असता. मीसुद्धा."

पुष्कर बापाकडे बघत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती की निराशा हे मला कळलं नाही. बहुधा दोन्ही असावं. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. मांडव्याचाच माणूस असणार. त्याने आवाज बंद करून फोन खिशात टाकला.

काका खुर्चीतून उतरले. पुष्करने पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. उद्या भरतीवर बोट वाळूतून निघाली तर निघाली, एवढी एकच संधी होती. उधाण ओसरायला लागलं होतं, नंतर पाणी दिवसेंदिवस कमीच चढणार होतं. हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात मी मेजावरच्या पडद्यावर भरतीचा तक्ता उघडला. त्यावर पुढच्या तीन महिन्यांच्या भरती-ओहोटीच्या वेळा होत्या, मिनिटांसकट, पाण्याच्या उंचीसकट. काकांना तिथून तो पडदा दिसत होता. ते माझ्यासमोरून, अगदी हाताच्या अंतरावरून पुढे गेले आणि बाकापाशी थांबले.

"तांडेल," ते म्हणाले, "पाणी उद्या कधी भरेल?"

जयरामने गालावरचा हात काढला. "रातची भरती येल एक, पन ती कालोखात नको. उद्या दुपारी, एकच्या आधी. दोन होड्या लावून वडू, सुकानू तेवडं बांधून घेऊ. तुमी सुकानूजवळ बसाल ना?"

"बसेन," काका म्हणाले.

मी येऊ का, असं मी विचारलं. जयराम दारातून बाहेर पडत होता, तो थांबला नाही. काकांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही.